पाण्याला आलेला वास

"मग बाटलीत काय होतं?" तांबोळी सरांनी विचारलं.

"पाणी."

"नुसतं?"

"नुसतं. बोअरचं."

सर खुर्चीत मागं टेकले. शाळा सुटली होती. नववीच्या वर्गात आम्ही दोघंच. मी नववीत दुसऱ्यांदा बसलेलो, त्यामुळं हा प्रयोग मला तोंडपाठ होता. गाव मला गहिन्या म्हणतं. सर एकटेच गहिनीनाथ म्हणायचे.

प्रयोग असा. दारंखिडक्या बंद, पंखा बंद. टेबलावर कापसाचा बोळा, त्यावर अत्तराचा एक थेंब. ज्याला वास येईल त्यानं हात वर करायचा. सर घड्याळ बघून फळ्यावर सेकंद लिहायचे. मग विचारायचे, वास इथपर्यंत आला कसा? आम्ही पाटीवर चित्र काढायचं.

उत्तर काय सर सांगायचे नाहीत. परातीत ज्वारी अन् मोहरी घालून हलवायला लावायचे. म्हणायचे, बघा तुमच्या चित्राशी जुळतंय का. ह्याला ते मॉडेल म्हणायचे. जे दिसत नाही त्याचं आपण काढलेलं चित्र. नाही जुळलं तर चित्र पुसायचं, वासाला नावं ठेवायची नाहीत.

आता गंमत अशी, की सरांना वासच येत नाही. करोनात गेला तो परत आला नाही. त्याच आठवड्यात त्यांची बायको, म्हणजे आमच्या चाची, वारल्या. तेव्हापासून सर बोळा ठेवायचे आणि आमच्या हातांकडं बघत बसायचे.

मला तेच खुपायचं. वर्षभर आम्हाला म्हणायचे, मानू नका, तपासा; स्वतः मात्र आमचे हात तसेच मानायचे. मग मी तपासलं. सोमवारच्या प्रयोगासाठी सरांनी घरून आणून कपाटात ठेवलेली बाटली शनिवारी काढली, सोड्यानं तीनदा खंगाळली, पाणी भरून ठेवलं.

आज सोमवार. पहिल्या बाकावरच्या सुकेशनीचा हात बारा सेकंदाला वर. मग दुसरा बाक, मग तिसरा. शेवटच्या बाकाला एक मिनिट दहा सेकंद. बोअरच्या पाण्याला! एकानं तर डोळे मिटून सांगितलं, केवडा आहे म्हणून.

हसू दाबून दाबून माझ्या बरगड्या दुखल्या.

"तुमचं मॉडेल पाण्यावर चालतं सर," मी म्हणलो. हे वाक्य मी दोन दिवस घोकलं होतं.

सरांनी फळ्यावरचे सेकंद वरून खाली वाचले. मग खालून वर.

मला वाटलं, आता कान धरतात.

"बरोबर तपासलंस," ते म्हणाले.

मी फुगलो.

"तेवीस वर्षं मला वाटलं, पोरं वासाची वाट बघतात. ती चित्राची वाट बघत होती. एक बाक झाला, आता आपला..."

बाहेर बाबूमामा वर्गांना कुलपं लावत होता. बाबूमामा म्हणजे आमचा शिपाई.

"नुसतं पाणी ठेवून बघायची अक्कल मला नव्हती असं नाही," सर म्हणाले. "पहिल्या वर्षांत बघायचो, तेव्हा एकही हात वर जायचा नाही. अलीकडं धीर झाला नाही."

एवढ्या साध्या गोष्टीला धीर कसला लागतो, मला कळलं नाही.

"आणि बाटलीतलं काय केलंस?"

हा माझा हुकमाचा पत्ता होता. मी सांगून टाकलं. बाबूमामाच्या बोकडाला चोळलं. सगळं. शनिवारभर बोकड नवरदेवासारखा घमघमत होता. जेवणाच्या सुट्टीत सर पायरीवर बसलेले, तर हा जाऊन त्यांच्या मांडीवर मान घासायला लागला. सरांनी त्याला अर्धी चपाती दिली आणि कोपरानं बाजूला सारलं. मी भिंतीमागं हसून लोळलो. रविवारी बाबूमामानं त्याला नळाखाली धरून साबणानं धुतला.

मला वाटलं सर हसले. हसले नव्हते.

"घासला होता, नाही का," ते म्हणाले. "माझ्या लक्षात आहे."

सर बाटली हातात घेऊन म्हणाले, "तुमच्या चाचीचं होतं ते. ईदच्या सकाळी कानामागं एक बोट लावायची. गेली तेव्हा अर्धी बाटली शिल्लक होती."

माझं फुगणं तिथंच बसलं.

"घरी उघडून बघतो. मला काय कळणार? आहे का उडून गेलं? आधी प्रयोगाला बाजारातलं आणायचो. ती गेल्यापासून हे आणायला लागलो. वर्षातनं एक थेंब. तुमचे हात वर गेले की कळायचं..."

सर थांबले. चष्मा काढला, परत घातला.

"आज पण कळलं होतं," ते म्हणाले.

मी खाली बघितलं. माझी नखं सोड्यानं अजून पांढरी होती.

"बोकड कुठाय?"

बोकड मैदानात लिंबाखाली बांधलेला होता. सर त्याच्याजवळ गेले, मानेवर हात ठेवला. मला म्हणाले, "बघ."

मी गुडघ्यावर बसलो आणि त्याच्या मानेत नाक खुपसलं. साबण. माती. बोकड. अजून आत, केसांच्या मुळाशी, दोऱ्याएवढं काहीतरी... ते होतं, का मला हवं होतं म्हणून होतं? सकाळी सगळ्या वर्गाला पाण्याचा वास आलेला. आता माझ्या नाकाची गॅरंटी मी कुणाच्या जोरावर देऊ?

"आहे," मी म्हणलो.

"किती?"

"लई."

सरांनी फाटकाकडं बघितलं. "मग हात वर कर आणि मागं मागं जा. वास थांबला की हात खाली घे. बघू कुठवर जातोय."

मी हात वर केला. एक पाऊल मागं गेलो. वास थांबला.

हात मी वरच ठेवला.

हातपंप मागं टाकला. झेंड्याचा खांब मागं टाकला. फाटकाला पाठ लागली तेव्हा थांबलो, जागाच संपली म्हणून. रस्त्यावरची धूळ माझ्या पाठीमागून उठून मैदानभर सरांकडं चालली होती. लिंबाखाली सर एका हातानं डोळे पुसत होते. दुसरा हात बोकडाच्या मानेवर तसाच. माझ्या खांद्याला रग लागली.

सरांनी तिथनं हाक मारली.

"गहिनीनाथ, वारा तुझ्याकडून माझ्याकडं येतोय."

...माझा हात आपोआप खाली यायला लागला.

"राहू दे," सर म्हणाले. "वरच ठेव थोडा वेळ."