सुलतानाचा छापील नकाशा

फार पूर्वी एक अफाट इस्लामी सल्तनत होती. एवढी अफाट, की एका टोकाला पेरणी चालू असताना दुसऱ्या टोकाला मळणी उरकलेली असे. तिथल्या दरबारात हमदी नावाचा म्हातारा नकाशे काढायचा. दरबाराचा रिवाज मोठा विचित्र होता. आधीच्या सुलतानाच्या नकाशापेक्षा त्याच्या मुलाचा नकाशा लहान काढायचा नाही आणि गेलेल्या मुलखाचा विषयही काढायचा नाही. मुलूख हातचे जात राहिले, नकाशा मात्र तसूभर हलला नाही.

मग एक तरुण सुलतान गादीवर आला. मनाचा चांगला, पण भारी उतावळा. "जग पुढे गेलं, आपण मागे राहिलो," म्हणाला आणि लागला कामाला. परदेशी कवायत आली, नव्या बंदुका आल्या, ढगळ अंगरखे जाऊन तंग कोट आले. हमदीला छापखाना मिळाला.

"उस्ताद, नकाशाही आता नव्या पद्धतीचा हवा!"

उत्तरेचा किल्ला शत्रूने कधीच गिळला होता, हे हमदीला ठाऊक होतं. पण भरल्या दरबारात मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी? त्याने किल्ला आपल्याच हद्दीत छापला. नकाशा असा देखणा झाला की सगळ्यांनी माना डोलावल्या.

महिन्याभराने हमदीचा एकुलता एक मुलगा यूनुस नवा कोट घालून निरोप घ्यायला आला. "बाबा, आमची पलटण उत्तरेच्या किल्ल्यावर मुक्कामाला निघाली."

हमदीने त्याची बाही घट्ट धरली. "तिकडे जाऊ नकोस रे! तो किल्ला आपला नाही."

यूनुस हसला. "तुम्हीच तर छापलाय!"

हमदी धापा टाकत वजिराकडे धावला, सगळं कबूल केलं. वजीर म्हणाला, "म्हातारपणी भ्रमिष्ट झालात की काय? छापलेलं कधी खोटं असतं?"

पलटण गाणी म्हणत किल्ल्याच्या दारापर्यंत गेली. वरून तोफा सुटल्या. एकही जण परतला नाही.

सुलतान ढसाढसा रडला. "उस्ताद, आता खरा नकाशा काढा."

हमदीने तो काढला. निम्मा कागद कोराच राहिला. त्या कोऱ्या भागात एक बारीक ठिपका होता.

"हे काय?" सुलतानाने विचारलं.

"हुजूर, तिथे माझा यूनुस आहे."

तात्पर्य: नवे कोट शिवता येतात, नवी यंत्रं आणता येतात, पण गेलेलं गेलं म्हणायची हिंमत नसेल, तर त्या सुधारणेपायी पोटची पोरं जातात.