कोशाचं दार

"मंग हा कापला कायनं? पाखराजवळ कात्री तर नाही."

डोमाजीबाबांनी रिकामा कोश माझ्या तळहातावर ठेवला. टोकाला बोट जाईल एवढं भोक. कोशातलं पाखरू, म्हणजे रेशमाचा पतंग, पहाटे तिथूनच बाहेर पडलं होतं.

मी खांद्यावरची बॅग खाली ठेवली नव्हती. आदल्या दिवशी वडिलांशी कडाक्याचं भांडून घर सोडलं होतं; ते डोमाजीबाबांच्या कानावर गेलंच होतं. वडील म्हणत होते, रानात राहा, कोसा रेशीम कर. मी म्हणालो होतो, पुन्हा तुमचं तोंड पाहणार नाही. आता नागपूरची गाडी धरायची होती. निघताना फक्त डोमाजीबाबांच्या पाया पडायचं, एवढंच ठरवलं होतं.

ऐनाच्या झाडांवर कोशाचे किडे कसे राखायचे, ते मला त्यांनीच शिकवलं. हंगामात नेम म्हणून ते रानात अनवाणी जायचे, दाढी करायचे नाहीत. आज ते नाहीत, रानही विरळ झालंय. ओल्या ऐनाचा वास आला की मला अजून भरून येतं.

तेव्हा मात्र एमएस्सीचा निकाल ताजा होता. अंगात वारं भरलं होतं.

"रसानं कापला," मी म्हणालो. "कोश प्रथिनांचा असतो. प्रथिन म्हणजे मण्यांची लांब माळ. पाखरू तोंडातून रस सोडतं, तो माळ तोडतो. आपल्या पोटात डाळ, मटण पचतं ते असल्याच रसांनी. जखमेतलं गोठलेलं रक्त विरतं, तेही. शरीरात असे शेकडो रस आहेत, बाबा!"

"शेकडो कायले? एक पुरत नाही?"

"प्रत्येकाची जागा ठरलेली. एक जिथं तोडतो, तिथं दुसरा तोडत नाही."

"हं... मंग याची जागा कोनती?"

"धागा," मी ठोकून दिलं.

बाबांनी कोश परत घेतला. अंगठा तोंडात ओला केला आणि भोकाच्या कडेवरून सावकाश फिरवला. भांग मोडून केस सारखे करावेत, तसे दोन्हीकडचे धागे जवळ आले.

भोक दिसेनासं झालं.

"सांग आता, पाखरू कुठून गेलं?"

मी कोश डोळ्यांजवळ नेला. धागे शाबूत होते. त्यांना चिकटवणारा गोंद तेवढा विरला होता. गोंदही प्रथिनच, पण वेगळं. पुस्तकात हे होतं, मी वाचलंही होतं.

...

"त्या पाखराले खायाले तोंड नाही," बाबा म्हणाले. "चार-आठ दिवस जगते, उपाशी. तोंडात तेवढाच एक थेंब आनते."

काल वडिलांना काय काय बोललो, ते एकेक आठवू लागलं. मला स्वतःची लाज वाटली.

"पाखरानं धागा राखला. कापलं रे तू बापाले," ते हळूच म्हणाले.

"मग... जाऊ नको मी?"

"जा ना! पाखरू का कोशात बसाले जन्मते?"

मी पाया पडलो. त्यांचा हात डोक्यावर बराच वेळ राहिला.

"जाताना घरावरून जा. बापाले म्हनाव, जेवून घे... कालपासून चूल पेटली नाही त्याची."