सहीचं पाणी

"पण आकडा खरा असताना माणूस खोटा कसा ठरतो, बाबा?"

शिरीष टेमघरेनं हे तिसऱ्यांदा विचारलं. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतला तो हुशार रसायनतज्ज्ञ, आणि आपण हुशार आहोत हे विसरू न देणारा. लहानपणी ताप आला की आई त्याला नदीकाठच्या या तक्यावर, फकिराच्या मठीवर, आणायची. मनाला टोचणी लागली की त्याचे पाय अजून इकडेच वळत.

तिथले लतीफशहा फकीर, सगळ्यांचे बाबा, ऐकत होते. उत्तर द्यायची त्यांना कधीच घाई नसे.

शिरीषनं सगळं पुन्हा सांगितलं. कारखान्यांचा नाला नदीला मिळतो, त्याच्या वरच्या अंगाला त्यानं नमुना घेतला होता. जागा त्याच्या वरच्या साहेबांनीच दाखवली होती. त्या बाटलीत क्रोमियम, कारखान्यांतून येणारं विष, सापडलं नाही, तसंच त्यानं लिहिलं. खालच्या वाडीचा नळ मात्र नाल्याच्या खालून पाणी ओढत होता. अहवालावर त्याची सही झाली की नळ चालू राहणार. नाही झाली तर वाडीला टँकर, आणि शिरीषची बदली कुठल्या कुठे.

"उकळून प्यायलं तर?" बाबांनी विचारलं.

"उकळल्यानं जंतू मरतात. हे तसंच राहतं. दिसत नाही, वास येत नाही... वर्षानुवर्षं पोटात जातं, मग मूत्रपिंडं खराब होतात."

तेवढ्यात खालच्या वाडीतली चंपा कोळपे आली. सासऱ्यांची लघवी तुंबली होती, अंगावर सूज होती. तिनं बाटलीत नळाचं पाणी आणलं होतं. बाबांनी दुआ म्हणून त्यावर फुंकर घालायची आणि ते आजाऱ्याला पाजायचं, ही तिथली जुनी रीत.

शिरीषला राहवलं नाही.

"फुंकरीनं पाण्याचं औषध होतं, असं वाटतं तुम्हाला?"

"नाही होत."

"मग ही का पिते?"

"मी दिलं म्हणून."

...

बाबांनी बाटली उचलली, पण फुंकर घातली नाही. ती शिरीषपुढे ठेवली. मग चंपाला म्हणाले, "माझ्याकडे चारदोन माणसं येतात, बाई. या साहेबांच्या शब्दावर तुमची सारी वाडी पाणी पिते. यांना विचार."

चंपानं डोक्यावरचा पदर सारखा केला. साहेब म्हटल्यावर ती जरा बिचकलीच.

"साहेब, चांगलं हाय नव्हं पाणी? मामांना पाजू?"

शिरीषनं बाटली उजेडात धरली. पाणी अगदी नितळ होतं. 'हो' म्हणायला काय लागतं, पण तो एवढासा शब्द काही केल्या तोंडातून फुटेना. बाई त्याच्याकडे बघत उभीच होती, आणि त्याला तिची भारी दया आली. स्वतःची लाजही वाटली.

"नका पाजू," तो कसाबसा म्हणाला. "मामांना नको... तुम्हीही पिऊ नका. आणि त्यांना आजच दवाखान्यात न्या."

चंपानं बाटली तिथंच ओतली आणि लगबगीनं वाट धरली.

शिरीषनं मोठा श्वास सोडला. कितीतरी दिवसांनी त्याला हलकं वाटत होतं.

"खरं बोललो, बाबा. आता तरी सुटलो ना मी?"

लतीफशहांनी खालच्या वाडीकडे बोट दाखवलं.

"वाडीत दोनशे घरं आहेत, बेटा. विचारायला ही एकटीच आली."