दोन आवाजांची हाळी

एकदा एक शिक्षक सरकारी शाळा सोडून खासगी शाळेत गेला. यात गोष्ट सांगण्यासारखे काय, असे कोणी विचारील. पाय आहेत तोवर माणूस चालणारच, आणि दुसऱ्याने कुठे चालावे हे ठरवणारे आपण कोण? परंतु हा शिक्षक गेला कसा, यात गोष्ट आहे, आणि ती फारशी आनंदाची नाही.

त्याची शाळा डोंगरातल्या एका खिंडीत होती. दोन खोल्या, एक व्हरांडा आणि एकच शिक्षक. समोर दरी, दरीपलीकडच्या उतारावर धनगरांच्या वस्त्या. तिथला दिवस घड्याळावर नव्हे, धुक्यावर चाले. धुके उठले की मेंढरे निघत आणि मेंढरांमागे मुलेही निघत. म्हणून या शाळेची एक रीत पडली होती. रोज सकाळी शिक्षक खिंडीच्या तोंडाशी उभा राही आणि लांब सुरात हाळी घाली. ती ऐकली की मुले मेंढरे थोरांच्या हवाली करून, दप्तर पाठीला लावून, खाली उतरू लागत. ही रीत आधीच्या म्हाताऱ्या गुरुजींनी पाडली होती, आणि त्यांच्या हाळीवर उतरून शिकलेल्यांपैकीच हा शिक्षक एक होता. गुरुजी निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी तोच आला, तेव्हा वस्तीने त्याला खांद्यावर घ्यायचे तेवढे बाकी ठेवले.

त्या वेळी एक चमत्कारिक प्रकार घडला होता. निवृत्त झालेले गुरुजी रोज सकाळी काठी टेकत खिंड चढून येत, त्याच्या शेजारी उभे राहत आणि त्याच्याबरोबर हाळी घालत. दोन आवाज एकदमच दरीत जात. मग गुरुजी काही न बोलता घरी परतत. त्याला हे मुळीच रुचत नसे. ‘म्हाताऱ्याला खुर्ची सुटवेना,’ असे तो बायकोजवळ म्हणालाही. पंधरवडाभर हे चालले. मग एका सकाळी गुरुजी हाळीच्या मध्येच थांबले, त्याचा एकट्याचा आवाज पुढे गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. सुटलो, असे म्हणून तो ते सारे विसरून गेला.

वर्षे लोटली. त्याने मनापासून शिकवले, हे त्याच्या पदरात टाकलेच पाहिजे. परंतु शिकवणे राहिले बाजूला आणि भलतीच कामे वाढत गेली. कधी मतदारयाद्या, कधी शौचालयांची मोजणी, रोजच्या खिचडीचे फोटो, आणि फोटो जात नाही म्हणून मोबाइल घेऊन टेकडीवर धावणे. एका सकाळी त्याच्या ध्यानात आले की आठवडा संपत आला आणि आपण खडू हातात धरलेला नाही. अशात शहरातल्या एका खासगी शाळेने त्याला बोलावले. काम एकच, शिकवायचे. भुकेल्याला ताट वाढलेले दिसावे तसे त्याला झाले. कायमची नोकरी सोडतोस, डोके फिरले का, असे चार जणांनी विचारले. त्याने कोणाचे ऐकले नाही.

इथवर त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही. चुकले ते पुढे. त्याला निरोप सोसवेना. वर्गातली गंगी रडेल, आणि नवलू, जो नुकताच कुठे अक्षरे जुळवून वाचू लागला होता, तो तोंड फिरवून बसेल, ही चित्रे त्याच्या डोळ्यांपुढे येत. म्हणून त्याने वस्तीत कोणालाच काही सांगितले नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी शेवटच्या दिवशी मुलांना ‘सुट्टीनंतर भेटू’ म्हणाला, आणि सुट्टीतच वरिष्ठांकडे किल्ल्या देऊन निघून गेला. गुरुजींना त्याने फोनवरून कळवले. ‘बरं,’ एवढेच ते म्हणाले.

नवी शाळा चांगली होती. मुले बसमधून वेळेवर येत, स्वच्छ गणवेशात रांगेने वर्गात जात. त्याला मनसोक्त शिकवायला मिळे. फक्त सकाळी, बसची दारे उघडत तेव्हा, हाळी घालायला त्याचे तोंड उगाचच उघडे. तो खाकरून वर्गात जाई.

थंडी सरता सरता त्याला काही दिवसांची रजा मिळाली. एक चांगली शाल घेऊन तो भल्या सकाळी गुरुजींच्या घरी आला. गुरुजी पार थकले होते, आवाज बसला होता. त्यांनी शालीकडे पाहिलेही नाही.

“शाल राहू दे. खिंडीत चल,” ते म्हणाले. “मला जरा हात दे.”

खिंडीच्या तोंडाशी नव्या बाई उभ्या होत्या. वयाने लहान, गळ्याला मफलर गुंडाळलेला, ओरडून ओरडून आवाज घोगरा झालेला. तो गेल्यानंतर महिन्याभराने त्या नेमणुकीवर आल्या होत्या.

“सर, तुमचं नाव रोज ऐकते मी,” त्या म्हणाल्या. “हाळी घालायची रीत गुरुजींनी सांगितली, तशी घालते. जवळच्या वस्तीतली दोन-चार येतात. बाकीची नुसती बघतात आणि मेंढरं वळवून पलीकडं जातात. माझं काही चुकतंय का?”

शिक्षकाला वाईट वाटले, परंतु खरे सांगायचे तर मनात कुठेतरी गुदगुल्याही झाल्या. आपल्यावाचून अडले, हे ऐकायला कोणाला आवडत नाही?

“तू घाल,” गुरुजी त्याला म्हणाले.

तो पुढे झाला आणि त्याने हाळी घातली. आवाज पूर्वीसारखाच लागला. समोरच्या उतारावर मुले उठून उभी राहिली. लाल झग्यातली गंगी त्याने इतक्या लांबून ओळखली. ती क्षणभर पाहत राहिली. मग तिने पाठ फिरवली, मेंढरांना हाकारले आणि टेकाडाआड गेली. तिच्यामागून बाकीचीही गेली.

“ऐकू गेलं नसेल,” तो म्हणाला. “वारा उलटा आहे.”

“ऐकू गेलं. म्हणूनच गेली,” गुरुजी म्हणाले आणि दगडावर बसले. “धनगर आपला कळप दुसऱ्याच्या हवाली करतो तेव्हा काय करतो, ते तू घरात बघितलंयस. काठी देऊन चालता होत नाही. जुना आणि नवा शेजारी उभे राहून काही दिवस एकदमच हाळी घालतात. मेंढरांच्या कानात दोन्ही आवाज एक झाले की जुना गप्प होतो. मला हे तुझ्याच आज्यानं शिकवलं. म्हणून मी ही चढण चढत होतो, बाबा. तुला वाटलं, मला खुर्ची सुटवेना.”

शिक्षकाने मान खाली घातली. गावात भिंतींनाही कान असतात, आणि गुरुजींनी इतकी वर्षे ते मनात ठेवले होते.

“तू गेलास यात पाप नाही,” गुरुजी पुढे म्हणाले. “पण निरोप नको म्हणून चोरवाटेनं गेलास. शाळा उघडायच्या दिवशी ही पोरं दप्तरं लावून त्या टेकाडावर उभी होती. मी खालून बघत होतो. माझा गळा चालत असता तर मीच हाळी घातली असती. ऊन चढलं तशी ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी. लेकरू असं वाट बघून फसलं, की मग कोणाच्याच हाकेला ओ देत नाही. या बाईंचा आवाज चांगला आहे. पोरांना वाटतं, याही जाणारच.”

मग शिक्षकाने विचारले, “नवलू दिसला नाही तो?”

बाईंनी गुरुजींकडे पाहिले. “शाळा बंदच पडली, असं त्याच्या बापाला वाटलं,” त्या हळूच म्हणाल्या. “मी यायच्या आधीच वर्षाच्या बोलीनं चाकरीला घातला त्याला. खाली देशावर, दुसऱ्याच्या मेंढरांमागं.”

शिक्षक त्या दिवशी परतला नाही. रजा संपेपर्यंत तो रोज सकाळी खिंडीत येऊन बाईंच्या शेजारी उभा राहिला आणि दोघांनी एकदमच हाळी घातली. पहिले काही दिवस नवे कोणी आले नाही. मग तो वस्त्यांवर गेला आणि घरोघर बसून, जे दिवाळीआधी सांगायचे होते ते त्याने सांगितले. बायांनी त्याला बरेच सुनावले. ते त्याने ऐकून घेतले. शेवटच्या सकाळी तो हाळीच्या मध्येच थांबला. बाईंचा घोगरा आवाज एकटाच दरीत गेला. समोरून गंगी उतरू लागली, तिच्यामागून आणखी काही जण. गंगी त्याच्याजवळून गेली ती त्याच्याकडे न बघता, सरळ बाईंपाशी. तेच योग्य होते, आणि ते त्याला फार लागले.

मग तो डोंगराची दुसरी बाजू धरून गाडीकडे उतरू लागला. त्या बाजूने खाली सारा देश पसरलेला दिसत होता, आणि त्यात कुठेतरी नवलू मेंढरांमागे चालला असेल. तो थांबला, छाती भरून श्वास घेतला, आणि तसाच सोडून दिला. तिथवर कोणाचीच हाळी पोचत नाही.

जाणाऱ्याने खुशाल जावे. मात्र आपल्या हाकेला ओ देणारे कोणाच्या हवाली केले, हे जाण्याआधी एकदा पाहावे.