केरबा स्वेटर घ्यायला गेला

एका गावात केरबा नावाचा एक भोळा हमाल होता. पोतं उचल म्हटलं की उचलायचा. खाली ठेव म्हणायला कुणी विसरलं, तर पाठीवर घेऊन तसाच उभा.

त्याच्या बायकोला, हौसाला, यंदाची थंडी सोसेना. म्हणून केरबा तालुक्याच्या मोठ्या दुकानात स्वेटर आणायला गेला.

दारात रखवालदार होता. त्यानं केरबाचा ठिगळाचा सदरा बघितला आणि लगेच ओळखलं, हा चोर. माणसांची पारखच तशी दांडगी!

"ए, थांब! बाहेरून आणलेलं काही आत न्यायचं नाही."

केरबानं पिशवी ठेवली. चपला काढल्या. मग सदऱ्याची बटणं सोडायला लागला.

"अरे, हे काय? अंगावरचं अंगावरच राहू दे!"

"बरं झालं, सांगितलंत."

तेवढ्यात एक सूटवाले साहेब बाहेर पडले. खिसे टम्म फुगलेले. दारातलं यंत्र कुईकुई ओरडलं. रखवालदारानं साहेबांना सलाम ठोकला, यंत्राला चापट मारली. "बिघडलंय मेलं," म्हणाला आणि केरबाच्या मागं निघाला.

केरबाला एक गुलाबी स्वेटर आवडला. हौसा अंगानं त्याच्याएवढीच. त्यानं घालून बघितला. बसला. तसाच पुढं निघाला.

रखवालदारानं मानगूट धरली. "सापडलास चोरा!"

"तुम्हीच म्हणालात, अंगावरचं अंगावरच."

"ते तुझं! हे दुकानाचं. दुकानाचं जे असेल ते ट्रॉलीत टाकायचं आणि काउंटरवर न्यायचं. कळलं?"

"कळलं."

केरबानं स्वेटर ट्रॉलीत टाकला. पण चार माणसांत चोर म्हटलेलं त्याला फार लागलं. आता एकही चूक करायची नाही, असं त्यानं ठरवलं.

तो डावीकडं वळला, रखवालदार डावीकडं. तो थांबला, रखवालदार थांबला.

"मामा, तुम्ही कुणाचे?" केरबानं विचारलं.

"मी? मी या दुकानाचा!" रखवालदारानं छाती फुगवली.

केरबानं तिथंच, स्वेटरांच्या फळीपाशी, त्याच्या कमरेत हात घातला, त्याला पोत्यासारखा उचलला आणि ट्रॉलीत टाकला.

काउंटरवरच्या पोरीनं स्वेटरची पावती केली. मग रखवालदाराकडं बघतच राहिली.

"मॅनेजरसाहेब! हे..."

"उतरव मला!" रखवालदार बोंबलत होता.

मॅनेजरसाहेब फोनवर बोलण्यात गुंग. मान वर न करताच खेकसले, "काय कटकट आहे? नको असेल तर जिथून उचललं तिथं नेऊन ठेवा. आणि नीट घडी घालून ठेवा! लोक नुसते कोंबून जातात."

"बरं झालं, सांगितलंत," केरबा म्हणाला.

त्यानं ट्रॉली स्वेटरांपाशी नेली. रखवालदाराला फळीवर आडवा केला. आधी दोन्ही हात छातीवर दुमडले. मग गुडघ्यानं नीट दाब देऊन पाय मागं दुमडायला घेतले.