येसबा नवा चौक बघतो

माळेवाडीत येसबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. कुणी "बस" म्हटलं की तो होता तिथंच बसायचा, मग खाली शेण असो नाहीतर निवडुंग.

अशाला पोरगी कोण देणार? तरी त्याच्या थोरल्या बहिणीनं, गोजराक्कानं, एक स्थळ काढलं. मुलीकडची मंडळी शहराच्या मधोमध झालेल्या नव्या चौकात भेटणार होती.

चौक मोठा अजब. खांब होते, वर छप्पर नव्हतं. जिना होता, तो कुठंच जात नव्हता. मोकळ्या फरशीवर एक दार उभं होतं, त्याला भिंतच नव्हती.

"मी मंडळींना शोधून आणते," गोजराक्का म्हणाली. "तू इथंच फिर. कुणी चार शब्द सांगितले तर ऐक."

येसबा त्या दारापुढं गेला. वहाणा काढल्या. कडी वाजवली.

"घरात कोण हाय का?"

कुणी 'ये' म्हणेना. येसबा उन्हात उभाच. शेवटी रखवालदार आला.

"अरे, इथं कुणी राहत नाही. इथलं सगळं नुसतं बघायला आहे. बघायचं, छान म्हणायचं, पुढं जायचं."

"बरं मामा."

पुढं कारंजं होतं. एक जाडजूड गृहस्थ फोनवर बोलता बोलता धपकन त्यात पडले. "हात द्या! अहो, हात द्या!"

येसबानं त्यांना चहूबाजूंनी बघितलं. "छान," म्हणाला, आणि पुढं निघाला.

गृहस्थांना बाहेर काढून रखवालदार धावत आला. "माणूस अडकलेला दिसला की दोन्ही हातांनी धरून ओढायचं! विचार करायचा नाही!"

"बरं मामा."

विचार न करणं येसबाला सोपं होतं. पुढं एक माणूस कमरेपर्यंत फरशीत रुतलेला. येसबानं पाय रोवले आणि असा हिसका दिला, की त्याचा हात कोपरापासून निघून आला.

"मामा, एवढाच निघाला. बाकीचा लई घट्ट हाय."

रखवालदारानं कपाळ बडवलं. "अरे, पुतळा आहे तो! हलत नाही, बोलत नाही, तो पुतळा! त्याला हार घालायचा, ओढायचं नाही!"

"मग आधी सांगायचं न्हाई का?" येसबा म्हणाला, आणि फुलवालीकडून झेंडूचा जाड हार घेऊन आला.

बाकावर एक मिशाळ म्हातारा बसल्या बसल्या गाढ झोपला होता. हलत नव्हता, बोलत नव्हता. शेजारी त्याची पोरगी.

येसबानं हार घातला. हात जोडले. मग हळूच तिला विचारलं, "भला माणूस दिसतोय. कधी वारले?"

पोरीनं तोंडात पदर कोंबला. "अजून न्हाईत वारले. आज जावई बघायला आलेत. माळेवाडीचा."

"मग तो यायच्या आत पुसून तरी घ्या. मिशीवर धूळ बसलीय." आणि त्यानं खांद्यावरच्या पंच्यानं मिशा खसाखसा घासल्या.

म्हातारा ओरडत ताडकन उठला. समोरून गोजराक्का धावत येत होती. "येसबा, अरे, काय करतोस? तुझे सासरे हायत ते!"

येसबाला कुठलं ऐकू येतंय? त्यानं सासऱ्याचे दोन्ही खांदे धरून त्याला बाकावर दाबून बसवलं आणि हाळी दिली,

"मामा, लवकर या! ह्यो एक पुतळा पळून चाललाय!"