वाटीतली गाडी

गुंजाळसाहेब मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले आणि त्यांच्या मोटारसायकलीचं नशीब फुटलं. मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यांनी अंगणात स्वतःच इंजिन खोललं. चार दिवसांनी ते परत बसवलं, तेव्हा नट, वॉशर आणि एक स्प्रिंग असं वाटीभर सामान उरलं.

खंडेनवमीला साहेब घामाघूम होऊन गाडी ढकलत लिंबाजी मिस्त्रीच्या गॅरेजवर आले. मागून ती वाटी घेऊन त्यांच्या पत्नी सुमित्राबाई. पूजेला जमलेल्या गिऱ्हाइकांसमोर साहेब गरजले, "कंपनीवाले उगाच जास्तीचं सामान कोंबतात, ते मी काढून टाकलं. लिंबाजी, गाडी झकास जमलीय असं सगळ्यांदेखत कबूल कर आणि तिला हार घाल. नाहीतर तुझा हा 'कुशल मेकॅनिक'चा बोर्ड उतरव!"

तो बोर्ड लिंबाजीच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने रंगवलेला. लिंबाजीने शांतपणे हार उचलला.

"घालतो की, साहेब. आज ज्याच्यावर काम चालतं त्याची पूजा करायची, बरोबर ना?"

"अर्थात!"

लिंबाजीने सुमित्राबाईंच्या हातातली वाटी घेतली, पाटावर पान्यांशेजारी मांडली, तिला हळदकुंकू वाहिलं आणि हारही तिलाच घातला.

"ज्याच्यावर गाडी चालते ते सगळं यात आहे, साहेब. तुम्ही ढकलत आणलात तो नुसता सांगाडा."

सगळं गॅरेज खो खो हसलं. संतापलेल्या साहेबांनी वाटीकडे हात नेला, तशा सुमित्राबाई म्हणाल्या,

"अहो, आधी चपला काढा!"